मदत हवी आहे: असल उत्तरचा पॅटन नेमका कोणता?

1965 च्या सप्टेंबरमध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला आपण पाकिस्तानकडून पकडलेल्या पॅटन या अमेरिकी रणगाड्याचं 1/35 मॉडेल करतोय. हाताशी एकच कृष्णधवल फोटो आहे, डाव्या बाजूने समोरून घेतलेला.

तो एम 47 (पॅटनचा आधीचा प्रकार) नाही, एवढं नक्की. पुढचा भाग होडीच्या तळासारखा गोलाकार आहे, ड्रायव्हरशेजारची मशीनगन नाही आणि पट्ट्याखाली वरच्या बाजूला पाच छोटे रोलर मोजता येतात (एम 47 ला तीनच असतात). कमांडरची मशीनगन बंद कपोलात (तोफघुमटावरच्या छोट्या घुमटात) आहे, म्हणून साधा एम 48 सोडून त्याची पुढची आवृत्ती, एम 48 ए 1, धरलाय.

अडचण मागच्या बाजूची. माझ्याकडे टामिया या मॉडेल कंपनीचा एम 48 ए 3 चा किट आहे. त्याचं डिझेल इंजिनाचं उंच झाकण आणि मागची जाळीदार दारं इथे चालणार नाहीत. ए 1 च्या पेट्रोल इंजिनाचा सपाट डेक (इंजिनावरचं झाकण) प्लास्टिक शीटमधून कापून करायची तयारी आहे, पण फोटोत तो भाग दिसतच नाही. दुसरा किट घेणं सध्या शक्य नाही. नगरच्या रणगाडा संग्रहालयात जाणं दिवाळीनंतरच जमेल.

फक्त समोरून पाहून ए 1 आणि ए 2 मधला फरक कशावरून खात्रीने ओळखायचा? आणि ए 1 च्या इंजिन डेकचा वरून काढलेला फोटो कुणाकडे आहे का?