हिमोफिलिया असताना हार्टचं ऑपरेशन: कुणाला माहिती आहे का?

रानवारा: माझ्या काकांना (वय 66, वजन 60 किलो) हिमोफिलिया ए आहे, मॉडरेट, म्हणजे फॅक्टर 8 (रक्त गोठवणारं प्रथिन) नॉर्मलच्या फक्त 2 टक्के. आता एऑर्टिक व्हॉल्व्ह आकसलाय, बदलावा लागेल म्हणतात. साधा दात काढायचा तरी आधी फॅक्टर घेणारा माणूस आणि इथे छाती उघडून वर हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) देणार म्हणे!! ज्याचं रक्त गोठतच नाही त्याला हेपॅरिन कशाला?

पंपवाला: बायपास मशीनवरच (ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुफ्फुसांचं काम करतं ते) काम करतो म्हणून सांगतो, हेपॅरिन लागतंच. ऑपरेशनआधी फॅक्टर देऊन पातळी 80-100 टक्क्यांवर नेतात, म्हणजे त्या वेळी काकांचं रक्त तुमच्याआमच्यासारखंच गोठणार, आणि मशीनच्या नळ्यांमधून फिरताना हेपॅरिन नसेल तर सर्किटच जाम होईल. किलोमागे 1 युनिटने पातळी साधारण 2 टक्के वाढते, त्यामुळे काकांना पहिला डोस 3000 युनिटच्या आसपास बसेल. मशीनमधला द्रव मिसळून रक्तातला फॅक्टरही विरळ होतो, म्हणून शेवटी प्रोटामिन (हेपॅरिनचा उतारा) दिल्यावर फॅक्टरची पातळी परत तपासायची. ट्रानेक्झामिक (रक्तस्राव कमी करणारं औषध) पण देतात.

सांगलीकर_ताई: आधी इनहिबिटर (दिलेल्या फॅक्टरला निकामी करणारी अँटिबॉडी) टेस्ट करा, बाकी सगळं नंतर. इनहिबिटर निघाला तर नेहमीचा फॅक्टर लागूच पडत नाही, पूर्ण प्लॅन बदलतो. आणि फॅक्टर 8 आठ-बारा तासांत निम्मा होतो, त्यामुळे एकदा देऊन भागत नाही, साधारण दोन आठवड्यांचा साठा हातात असल्याशिवाय तारीख घेऊच नका. काका एमिसिझुमॅब (रक्तस्राव टाळायला नियमित घ्यायचं हिमोफिलियाचं इंजेक्शन) घेतात का? घेत असतील तर भूलवाल्यांनाही सांगा, त्यावर एपीटीटी (रक्त गोठण्याची नेहमीची तपासणी) नॉर्मल दिसतो आणि मशीनवर हेपॅरिनचा परिणाम मोजणाऱ्या एसीटी तपासणीचाही भरवसा राहत नाही.

निवांत: व्हॉल्व्ह कुठला ते विचारलंत का? मेटलचा म्हणजे जन्मभर वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी), हिमोफिलियात ते नको रे बाबा. टिश्यूचा (प्राण्याच्या ऊतींचा) 10-15 वर्षांनी झिजतो पण ह्या वयात चालेल. टावीबद्दलही (रक्तवाहिनीतून नळीने व्हॉल्व्ह बसवतात ते) विचारा, छाती उघडत नाहीत, फॅक्टर मात्र तिथेही लागतोच.

रानवारा: एमिसिझुमॅब नाही घेत, लागेल तेव्हा फॅक्टर. सर्जन टिश्यूच म्हणालेत. इनहिबिटर कुठे करू? आम्ही ठाण्याला.

सांगलीकर_ताई: परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात एनआयआयएच (रक्तविकारांवरची राष्ट्रीय संस्था) आहे, तिथे करतात. शेवटचा फॅक्टर कधी, किती घेतला ते लिहून न्या. आणि रक्तविकारवाले डॉक्टर नि सर्जन ह्यांना एकमेकांशी थेट बोलायला लावा, तुम्ही मधे निरोप्या होऊ नका.