नेब्रास्का हस्कर्स २०२५ : तिसऱ्या वर्षाची आशा, नोव्हेंबरची धास्ती

सॉल्टक्रीककर (लिंकन, नेब्रास्का) – १७ ऑगस्ट २०२५

मंडळी, २८ ऑगस्टला गुरुवारी रात्री कॅन्सस सिटीच्या अ‍ॅरोहेड स्टेडियमवर सिनसिनाटीविरुद्ध आपला पहिला सामना. अकरा दिवस राहिलेत आणि माझं कामात लक्ष लागत नाहीये. इथे हस्कर्स, म्हणजे नेब्रास्का विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ, पाहणारे मराठी लोक किती आहेत कल्पना नाही, पण जे आहेत त्यांच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही.

मी २००४ मध्ये लिंकनला शिकायला आले ती इथलीच झाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: या राज्यात मोठ्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा संघच नाही. जे आहे ते विद्यापीठाचा हा एक संघ. मेमोरियल स्टेडियमवरचा प्रत्येक सामना नोव्हेंबर १९६२ पासून हाऊसफुल आहे. पाच राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, पण शेवटचं १९९७ चं. म्हणजे माझ्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही. माझ्या वाट्याला आला ५ डिसेंबर २००९. टेक्सासविरुद्ध १२-१० असे पुढे होतो, घड्याळावर शून्य. अडीच वर्षांची लेक मांडीवर झोपलेली, म्हणून मी तोंडावर हात दाबून रडत होते, आनंदाने. मग पंचांनी एक सेकंद परत दिला, टेक्सासने फील्ड गोल (किकने मिळणारे तीन गुण) मारला, १३-१२. आपल्या एन्डामुकन सूने त्या सामन्यात साडेचार सॅक (पास टाकण्याआधीच समोरच्याला पाडणं) केले होते. तो खेळाडू हरलेल्या संघात असावा हे मला आजही पटत नाही.

असो. यंदाचं बोलू.

मुख्य कोच मॅट रूल यांचं हे तिसरं वर्ष. आधी टेंपल विद्यापीठात त्यांनी २-१० (दोन विजय, दहा पराभव), ६-६ आणि मग १०-४ केलं. बेलरला १-११, ७-६ आणि मग ११-३. आपल्याकडे ५-७ झालं, ७-६ झालं. आता पुढचा आकडा काय, हेच सगळं गाव एकमेकांना विचारतंय. किराणा दुकानात बिलाच्या रांगेत विचारतात, दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असताना विचारतात.

मला सप्टेंबरची भीती नाही. मला नोव्हेंबरची धास्ती आहे. २०२३ मध्ये ५-३ होतो आणि पुढचे चारही सामने सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरलो. २०२४ मध्ये ५-१ होतो, मग इंडियानाने ५६-७ असं लोळवलं आणि सलग चार गेले. आयोवाने तर दोन्ही वर्षं १३-१० असंच हरवलं, दोन्ही वेळा शेवटच्या किकवर. पहिल्या वेळी मी आणि लेक स्टेडियममध्येच होतो. १०-१० बरोबरी, पंधरा-वीस सेकंद उरलेले, आपला पास त्यांनी पकडला आणि बदली म्हणून आणलेल्या किकरने ३८ यार्डांवरून गोल मारला. लेकीने हातमोजे काढून बाकावर ठेवले आणि बराच वेळ तशीच मैदानाकडे बघत बसली. बोटं लाल झालेली. मी म्हटलं चल, तर म्हणाली, "आई, थांब ना जरा."

यंदा नोव्हेंबरमध्ये यूएससी, यूसीएलए, पेन स्टेट आणि आयोवा.

तर माझे दोन प्रश्न. एक, तुम्ही खरोखर किती आशा धरून आहात आणि कशाच्या जोरावर? दुसरा घरगुती आहे. आमची दोन सीझन तिकिटं २०१६ पासून आहेत, मी आणि लेक. यंदा ती याच विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे, विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये बसणार. शेजारची जागा रिकामी राहणार. नवऱ्याला या खेळात गोडी नाही. पुढच्या वर्षी दुसरं तिकीट सोडून द्यावं का? मन होत नाहीये.

---

ओमाहातला पेठकरी – १८ ऑगस्ट

ताई, तिकीट सोडू नका. एकदा सोडलेली जागा परत मिळत नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघत वाढलो. तो फुटबॉल वेगळा, पण पेठेचा संघ हरला की घरात कुणी धड जेवत नाही, हे मला नवीन नव्हतं. ओमाहाला आलो आणि पहिल्या शनिवारी बघितलं तर अख्खं राज्य एकाच पेठेसारखं वागतंय. मला इथे रुळायला वेळच लागला नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आपला क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) डिलन रायोला. पोरगा पहिल्या वर्षी २,८१९ यार्ड फेकून गेला. १३ टचडाऊन, ११ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास). ते ११ खुपतात, कबूल. पण अठरा-एकोणीस वर्षांचं पोर, मागे धड रनिंग नाही, वर्षाच्या मध्यात खेळी ठरवणारा माणूस बदललेला. डेना होल्गरसन आल्यावर विस्कॉन्सिनला ४४-२५ हरवलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. चेंडू लवकर हातातून सुटत होता, उगीच उभं राहून वाट बघणं नव्हतं. यंदा होल्गरसन पहिल्या दिवसापासून आहेत. पास पकडायला केंटकीहून डेन की आलाय, कॅलहून नायझाया हंटर. आक्रमणाच्या पुढच्या ओळीत अलाबामाचा प्रिचेट आणि नोटर डेमचा स्पिंडलर. आणि रायोलाचे वडील डॉमिनिक याच संघाचे सेंटर (मधल्या ओळीतले खेळाडू) होते, काका डॉनोव्हन इथलेच कोच. घरचाच मुलगा आहे, मन लावून खेळणार.

माझी काळजी दुसरीकडे आहे. बचावाच्या पहिल्या ओळीतून टाय रॉबिन्सन गेला आणि नॅश हटमाकरही गेला. हटमाकर म्हणजे शाळेत चार वेळा साउथ डकोटाचा राज्यविजेता पैलवान. तो मधे पाय रोवून बसला की दोन-दोन जण ढकलूनही हलायचा नाही. तालमीत वाढलेला माणूस ते बघून ओळखतो: ताकद खांद्यात नाही, कमरेत आणि पायाच्या ठेवणीत असते. तसा माणूस पोर्टलमधून (दुसऱ्या विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) एका उन्हाळ्यात मिळत नाही. शिवाय बचावाचे कोच टोनी व्हाइट फ्लोरिडा स्टेटला गेले, आता जॉन बटलर आहेत. २० सप्टेंबरला मिशिगन येतंय. ते सरळ अंगावर धावून येणार. त्यांचे मुख्य कोच निलंबनामुळे त्या दिवशी नसतील, क्वार्टरबॅक पहिल्या वर्षाचा. त्या सामन्यात मधली फळी टिकली तर मी नऊ विजय धरतो. नाही टिकली तर सात.

२०१६ मध्ये ओरेगॉनला ३५-३२ हरवलं, त्यानंतर देशातल्या पहिल्या २५ च्या क्रमवारीतल्या एकाही संघाला आपण हरवलेलं नाही. हे कुठेतरी तुटायला हवं. माझ्या मते ते मिशिगनविरुद्धच तुटेल.

---

आयोवा सिटीहून – १८ ऑगस्ट

मी पलीकडच्या बाजूचा. मीठ चोळायला आलेलो नाही, ताईंनी लेकीचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही.

तुम्ही 'नोव्हेंबर' म्हणता, पण माझ्या मते प्रश्न महिन्याचा नाही, शेवटच्या चार मिनिटांचा आहे. आमचे कोच कर्क फेरेंट्झ १९९९ पासून इथे एकच गोष्ट शिकवतायत: चेंडू सांभाळा, पंट (चेंडू लाथ मारून समोरच्याकडे दूर धाडणं) लांब मारा, समोरचा चुकेपर्यंत धीर धरा. २०२३ मध्ये आमचं आक्रमण देशात शेवटच्या क्रमांकावर होतं, तरी दहा सामने जिंकलो, कारण टोरी टेलर पंट मारून समोरच्याला त्याच्याच दारात कोंडायचा. गेल्या वर्षी मध्यंतराला तुम्ही १०-० पुढे होता. आम्ही इथे घरात गप्प बसलो होतो. बायको म्हणाली, जेवायला वाढू का. मी म्हटलं, थांब, ते चेंडू सोडतील. आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात रायोलाच्या हातून चेंडू सुटला, आमच्या स्टीव्हन्सने ५३ यार्डांवरून गोल मारला.

हे मी अभिमानाने सांगत नाही. तुमचा संघ आमच्यापेक्षा चांगला खेळत होता. तुम्ही स्पेशल टीम्ससाठी (किक आणि पंटच्या वेळचे गट) टेनेसीहून माईक एकलर आणलेत, तो माणूस मूळचा नेब्रास्काचाच. माझ्या दृष्टीने तुमची यंदाची सगळ्यात मोलाची भरती तीच. क्वार्टरबॅकपेक्षाही. आमच्याकडे साउथ डकोटा स्टेटचा क्वार्टरबॅक मार्क ग्रोनोव्स्की आलाय, त्यामुळे यंदा आम्ही नुसते वाट बघत बसणार नाही असं वाटतंय. २८ नोव्हेंबरला आपला सामना आहे, तेव्हा बघू.

तिकीट ठेवा.

---

सॉल्टक्रीककर – १९ ऑगस्ट

पेठकरी, हटमाकरबद्दल अगदी बरोबर लिहिलंत. आयोवावाले, तुमचंही पटलं, पण सगळं नाही. शेवटची चार मिनिटं आम्ही सप्टेंबरमध्ये सांभाळतो. नोव्हेंबरपर्यंत पोरं थकलेली असतात, दुखापती झालेल्या असतात, दुसऱ्या फळीत जोर उरत नाही. आणि इथेच मला यंदाची एक गोष्ट मनापासून टोचते आहे, ती पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नाही.

संघात आता १०५ च खेळाडू ठेवता येणार. जूनमध्ये न्यायालयाने तो मोठा समझोता मान्य केला, विद्यापीठांनी खेळाडूंना वर्षाला साधारण २.०५ कोटी डॉलरपर्यंत थेट पैसे द्यायचे, आणि त्याबरोबर ही मर्यादा आली. पोरांना पैसे मिळतायत याचा मला आनंदच आहे. इतकी वर्षं त्यांच्या घामावर सगळे जगले. पण आपल्या संघाचा कणा होते वॉक-ऑन. शिष्यवृत्ती नाही, काही नाही, गावाकडची पोरं स्वतःच्या खर्चाने येऊन सरावात मार खायची आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी मैदानात उतरायची. आपले जुने कोच टॉम ऑस्बोर्न यांनी २५ वर्षांत २५५ सामने जिंकले ते या पोरांना धरून.

माझ्या डाव्या हाताला, लेकीच्या जागेपलीकडे, एक आजोबा बसतात, सूअर्डजवळ त्यांची मक्याची शेती. एका कानात रेडिओचा इअरफोन, हातात शिसपेन्सिल आणि खिशात मावेल एवढी वही. प्रत्येक ड्राइव्ह (चेंडू एका संघाकडे असतो तेवढा काळ) एका ओळीत लिहितात: कुठून सुरू, किती खेळी, कशात संपली. त्यांचा मुलगा नव्वदीच्या दशकात वॉक-ऑन होता. चार वर्षांत बहुतेक किकऑफलाच (खेळ सुरू करणाऱ्या किकला) उतरला. त्या सगळ्या खेळी वेगळ्या वहीत आहेत, तारखेसकट. एप्रिलमध्ये, या मर्यादेची नुसती चर्चा होती तेव्हा, मी त्यांना १०५ बद्दल विचारलं. ते म्हणाले, माझा मुलगा आज असता तर त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. रागाने नाही म्हणाले. वही बंद केली आणि खिशात ठेवली.

नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या फळीतून कोण येणार, हा प्रश्न मला त्या वहीमुळे पडतो.

---

नवीन_लिंकन – १९ ऑगस्ट

नमस्कार. मी दोन आठवड्यांपूर्वी नांदेडहून इथे एमएसला आलोय. हा खेळ कधी पाहिला नाही. तुमच्या पोस्टी दोनदा वाचल्या, निम्मं कळलं. रूममेट म्हणतो विद्यार्थ्यांची तिकिटं घ्यायला उशीर झाला. एखादा सामना प्रत्यक्ष बघायचा असेल तर कोणता बघावा? आणि नियम येत नसतील तर काय बघत राहायचं?

---

ओमाहातला पेठकरी – १९ ऑगस्ट

चार संधी, दहा यार्ड, एवढं धरून चल. दहा यार्ड गेले की पुन्हा चार संधी मिळतात. बाकी आपोआप येतं. आणि चेंडूकडे बघू नकोस, सामन्याच्या पहिल्या पाव भागात फक्त मधल्या ओळीचे पाय बघ. कोण मागे सरकतोय ते बघ. अर्ध्या तासात तुला सामना कुणीकडे झुकतोय ते कळायला लागेल.

---

सॉल्टक्रीककर – २० ऑगस्ट

नवीन_लिंकन, ६ सप्टेंबरला अ‍ॅक्रनविरुद्ध घरचा पहिला सामना आहे. माझ्या शेजारची जागा रिकामी आहे, तू ये. पैसे नकोत. लाल काहीतरी घाल, नसेल तर माझ्याकडे लेकीचा जुना सैल स्वेटशर्ट आहे. मीही पहिला सामना उसन्या स्वेटशर्टात पाहिला होता. मोठी बॅग आणू नकोस, आत घेत नाहीत, फक्त पारदर्शक चालते. तुझ्या एका बाजूला मी, पलीकडे आजोबा. त्यांना प्रश्न विचारलेले आवडतात, पण खेळी चालू असताना नाही.

पूर्वी आपला पहिला गुण झाला की हजारो लाल फुगे आकाशात सुटायचे. २०२२ मध्ये ते बंद झालं. ते तुला दिसणार नाही, त्याचं मला वाईट वाटतं. बाकी सगळं दिसेल.

पेठकरी, कॅन्सस सिटीला आम्ही जाणार हे काल नक्की झालं. लेकीला शुक्रवारी सकाळी वर्ग आहे, तरी येतेच म्हणाली. रात्री आठचा सामना, म्हणजे परत यायला पहाटेचे तीन वाजतील. मी दुसऱ्या दिवसाची रजा टाकली आहे. दुपारी तीनला लिंकनहून निघतोय, गाडीत दोन जागा आहेत. तुम्ही ओमाहाहून सरळ उतरणार असाल तर वाटेत नेब्रास्का सिटीजवळ भेटू. धपाटे करून आणते.

आयोवावाले, २८ नोव्हेंबरची शेजारची जागा मी अजून कुणाला दिलेली नाही. लेकीला विचारलं, ती म्हणाली त्या दिवशी ती विद्यार्थ्यांमध्ये बसणार नाही, माझ्या शेजारीच बसेल. तेव्हा तुम्हाला वरच्या स्टँडमधलं तिकीट बघावं लागेल. मध्यंतराला खाली या. थंडी खूप असते, हातमोजे आणा.