काळ्या गाडीवरचं जाळं: पॉलिशिंग मशीन विकत घेऊ का?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. गाडी २०१९ची, रंग काळा. मेटॅलिक वगैरे नाही, साधा चकचकीत काळा. काळा घेऊ नकोस असं सगळ्यांनी सांगितलं होतं, बायकोनेही सांगितलं होतं, त्यामुळे तो विषय आता घरात काढायची सोय नाही.

सावलीत गाडी झकास दिसते. परवा सकाळी नऊच्या उन्हात पेट्रोल पंपावर रांगेत होतो. बॉनेटमध्ये सूर्य दिसत होता आणि त्याच्याभोवती बारीक गोल रेघांचं कोळ्याचं जाळं. मागच्याने हॉर्न मारेपर्यंत मी तेच बघत बसलो होतो.

कारण मला माहीत आहे. सोसायटीत रोज पहाटे एक दादा गाड्या पुसतात. महिन्याला ५००. एक बादली, एक फडकं, अठरा गाड्या. माझा नंबर बहुधा सोळावा. त्यात आमच्या रस्त्यावर काही वर्षं उड्डाणपुलाचं काम चाललं होतं, ती सगळी सिमेंटची धूळ.

गाडी घासून चकचकीत करून देणाऱ्या एका डिटेलिंगवाल्याने १४,००० सांगितले, मग "वर सिरॅमिक कोटिंग केल्याशिवाय अर्थ नाही" म्हणून आकडा ३२,०००वर नेला. तेवढ्यात माझं स्वतःचं मशीन येईल. तर विचारायचं असं की ड्युअल अ‍ॅक्शन (पॅड फिरता फिरता डोलतं ते) घेऊ की रोटरी (नुसतं गरगर फिरतं ते)? भावाकडे चार इंची ग्राइंडर पडून आहे, त्याला फोमचं पॅड लावून भागेल का? आणि सगळ्या रेघा जातात का? हाताचं काम मला जमतं, घरातले नळ मीच बदलतो.

ठाणेलोकल

ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे घेतो. पॉलिशिंगच्या रोटरीची धाव जेमतेम ३,०००, आणि तीही जाणकार माणसं १,५००च्या पुढे फारशी नेत नाहीत. ग्राइंडर भावाला परत द्या आणि नळ बदलत राहा.

तंबोरा_मिरज

रोडकर, मशीनचं सांगतो, पण आधी एक करा. रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरा. टॉर्चभोवती जाळं दिसेल. आता टॉर्च फूटभर सरकवा. जाळंही फूटभर सरकेल. म्हणजे गोल रेघा गाडीवर नाहीतच! रेघा आहेत सगळ्या दिशांनी, हजारोंनी. त्यातल्या उजेडाला आडव्या पडणाऱ्या तेवढ्या चमकतात आणि आपल्याला वर्तुळ दिसतं. हे समजल्यापासून "गोल पुसू नका, सरळ पुसा" या सल्ल्याचं मला हसू येतं. फडक्याखाली धुळीचा कण असला की सरळ पुसा नाहीतर गोल, रेघ उठणारच. सरळ पुसली तर जाळ्याऐवजी सरळ रेघा दिसतील, एवढाच फरक.

या रेघा क्लिअर कोटात, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात असतात. तो थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस ७०च्या आसपास धरा. मशीन रेघ पुसून टाकत नाही, तिच्या आजूबाजूचा क्लिअर घासून रेघेच्या तळाशी आणतं. थोडक्यात, दर वेळी तुम्ही या थरातून थोडा खर्च करता, आणि तो परत भरून येत नाही.

माझी गोष्ट सांगतो. वडिलांची मरून गाडी, मेटॅलिक. मित्राच्या गॅरेजमधून रोटरी उसनं आणलं, वर लोकरीचं पॅड. बॉनेटच्या मधल्या भागावर असा आरसा उठला की मला चेव आला. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची जी घडी असते ना, तिच्यावरूनही तसाच फिरवत गेलो. धारेवर रंग मुळातच पातळ बसतो, आणि पॅडचा सगळा भार त्या चिंचोळ्या पट्टीवर येतो. टेप लावली नव्हती. थांबलो तेव्हा पांढऱ्या लोकरीवर मरून डाग होता. दोन सेकंद वाटलं कंपाउंडचाच, म्हणजे घासायच्या पेस्टचाच रंग असेल. मग घडीवर बोटाएवढी पट्टी दिसली, कोरडी, निस्तेज, कितीही पुसली तरी ओली न दिसणारी. क्लिअर संपून मी खालच्या रंगात शिरलो होतो. बाबा एक शब्द बोलले नाहीत. सकाळचा चहा मात्र महिनाभर अंगणात, त्या पट्टीसमोर खुर्ची टाकून प्यायले. शेवटी बॉनेट रंगवून घेतलं.

म्हणून तुम्ही ड्युअल अ‍ॅक्शनच घ्या. ते फिरता फिरता डोलतं, एका जागी भोवरा होत नाही, आणि जास्त दाबलं किंवा वाकड्या जागी टेकवलं की पॅड फिरायचंच थांबतं. म्हणजे चूक करायला वेळ लागतो, नवख्याला तेच हवं. १५ मिमी थ्रोचं (म्हणजे डोलण्याचा पल्ला), पाच इंची बॅकिंग प्लेटवालं (पॅड चिकटतं ती चकती) बघा. प्लेटच्या कडेला मार्करने एक आडवी खूण करून ठेवा. खूण गरगरताना दिसली तर काम चालू आहे, नुसती थरथरताना दिसली तर हात हलका करा.

खर्च मशीनपेक्षा पॅडात होतो. एका पॅडवर अख्खी गाडी काढायला जाऊ नका. ते कंपाउंडने आणि निघालेल्या क्लिअरने भरतं, तापतं, आणि मग कापायचं सोडून नुसतं चोपडत बसतं. मी सहा वापरतो, दर पट्ट्यानंतर ब्रशने झाडतो.

पहिला मुक्काम डिकीवर. गाडी धुवा, क्ले (चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवा. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून पत्र्यावरून बोटं फिरवा, खरखर लागली तर क्ले बाकी आहे. मग दीड फुटाचा चौकोन घ्या आणि मधोमध टेप लावा. सुरुवात सगळ्यात सौम्य पॉलिशने आणि मऊ पॅडने. काम झालं तर तिथेच थांबायचं, नाही झालं तरच कडक कंपाउंड. लोक नेमकं उलटं करतात. पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके, मशीन बंद असतानाच पत्र्यावर टेकवून पसरा, एकवर चालू करा, मग चार-पाचवर न्या. हात इतका सावकाश की शेजारी कंटाळला पाहिजे. सेकंदाला एक इंच. आधी उभे पट्टे, मग आडवे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढलेला.

आणि पुसल्या पुसल्या खूश होऊ नका. पॉलिशमधलं तेल रेघांत बसून त्या झाकतं. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन-चार भाग पाणी फवारा, पुसा, मग टॉर्च मारा. खरा निकाल तो. काळ्या रंगावर कडक पॅडनंतर राखाडी धुकं राहतं, ते मऊ पॅडच्या दुसऱ्या हाताने जातं.

सगळ्या रेघा? नाही. नख अडकतं ती सोडून द्या. तिच्या तळापर्यंत जायचं म्हणजे आजूबाजूचा क्लिअर तेवढा खाली आणायचा. मी दहातल्या सात-आठ गेल्या की मशीन गुंडाळतो. उन्हात आणि तापलेल्या पत्र्यावर करू नका, कंपाउंड वाळून भुकटी होते. मला दोन रविवार लागले होते, आणि दुसऱ्या रात्री बोटांना एवढ्या मुंग्या की कप दोन्ही हातांनी धरावा लागला.

रबिंगवाला_सातारा

मिरजकरांनी बरोबर लिहिलंय, एक राहिलं. आम्ही डेंटिंग-पेंटिंगवाले, त्यामुळे हे रोज बघतो. साधा काळा किंवा पांढरा असेल तर क्लिअर आहे असं धरूनच चालू नका. काही रंगांवर क्लिअर नसतोच, एकच कोट. डिकीच्या आतल्या कडेला पांढऱ्या फडक्यावर जरा पॉलिश घेऊन हाताने घासा. फडकं काळं झालं तर क्लिअर नाही. अशा गाडीवर पॅड रंगलं की घाबरायचं नाही, पण मग मिरजेसारखी धोक्याची घंटाही मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरं, कुठला पत्रा परत रंगवलाय का बघा. रंगाची जाडी मोजायचं गेज मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग, सगळे थर धरून, १००-१४० मायक्रॉनच्या आसपास दिसतो. ३००च्या पुढे आकडा गेला तर तिथे आमच्यासारख्या कुणाचा हात लागलाय, आणि खूपच पुढे गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलीय. जाड रंग म्हणजे बिनधास्त घासा असं नव्हे, वरचा क्लिअर किती ते गेज सांगत नाही.

आणि होलोग्रामचं पण सांगून टाकतो. रबिंग केलेल्या गाडीवर उन्हात ज्या हलणाऱ्या सावल्या दिसतात ना, त्या आमच्या रोटरीच्या. गिऱ्हाईक संध्याकाळी पाचला येणार, मऊ पॅडचा शेवटचा हात कोण मारतो? शेडमध्ये ट्यूबलाइटखाली गाडी चमकते, पैसे मिळतात.

ठाणेलोकल

हे शेवटचं वाचून मला माझी चांदीच्या रंगाची गाडी फार आवडायला लागली. रेघा असतील, दिसत नाहीत.

सिंहगडरोडकर

मंडळी, तीन आठवड्यांनी आलो. फडक्याची परीक्षा केली, पांढरंच राहिलं, म्हणजे क्लिअर आहे. ड्युअल अ‍ॅक्शन ८,६०० रुपयांना घेतलं, पॅड-पॉलिश-फडकी धरून तेरा हजाराला पोचलो. म्हणजे डिटेलिंगवाल्याच्या पहिल्या आकड्याच्या आत, फक्त मजूर मी.

सगळ्यात अवघड काम मशीनचं नव्हतं. दादांना सांगितलं की उद्यापासून गाडी पुसू नका. त्यांचा चेहराच उतरला. "काय चुकलं का साहेब?" मी टॉर्च काढून जाळं दाखवायला लागलो, तर ते म्हणाले, "हे तर सगळ्याच गाड्यांना असतं." खरंच आहे. शेवटी असं ठरलं की पैसे तेवढेच, पत्र्याला हात लावायचा नाही, आतून झाडायचं, काचा आणि टायर करायचे. धुणं रविवारी मी करणार. एक बादली साबणाची, एक नुसत्या पाण्याची, आणि आधी पाइपने सगळी धूळ वाहवून. पहिले दोन दिवस त्यांनी सवयीने बॉनेट पुसलंच.

डिकीवर दीड फूट केलं. सौम्य पॉलिशने फार फरक पडला नाही, दोनदा केलं. मग मधलं कंपाउंड, मग परत मऊ हात. अल्कोहोल मारून टेप काढली. डावीकडे तेच जाळं आणि उजवीकडे टॉर्चचा एक ठिपका, बाजूला तीन-चार खोल रेघा, बस. बायकोला खाली बोलावलं. तिने दोन्हीकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "आता बाकीची गाडी घाण दिसते रे."

येत्या रविवारी टप आणि बॉनेट. मिरजकर, बॉनेटच्या घड्यांवर टेप आजच लावून ठेवली आहे.