‘मराठीत त्या तोडीचे काही नाही’ असे म्हणणाऱ्यांस

टिळकवाडीचा प्रेक्षक

काल या चर्चेत एका सद्गृहस्थांनी लिहिले की, क्रायटेरियनसारखी निवडक चित्रपटांच्या डिस्क काढणारी लेबले केवळ गुणवत्ता पाहतात. सत्यजित राय आणि ऋत्विक घटक त्यांच्या यादीत आहेत, मराठी नाही, कारण ‘मराठीत त्या तोडीचे काही झालेच नाही’. हे वाक्य रात्रभर डोक्यात घोळत राहिले, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

लेबलाची निवड म्हणजे नाट्यस्पर्धेचा निकाल नव्हे. पहिला प्रश्न असतो तो हक्क कोणाकडे आहेत आणि ते दाखवणारी कागदपत्रे सलग आहेत का, हा. निर्माता वारलेला, एका मुलाने उपग्रह प्रक्षेपणाचे हक्क विकलेले, दुसऱ्याने ‘सर्व हक्क’ म्हणून भलत्यालाच लिहून दिलेले. शेतजमिनीच्या उताऱ्यावर नसतील इतकी नावे आपल्याकडे एकेका चित्रपटावर असतात. दुसरा प्रश्न सामग्रीचा: कॅमेऱ्यात चित्रित झालेली मूळ निगेटिव्ह शिल्लक आहे, की गावोगावच्या टॉकीजमधून फिरून ओरखडलेली एखादी प्रतच तेवढी उरली आहे? तिसरा प्रश्न हिशेबाचा: स्कॅनिंग, रिस्टोरेशन म्हणजे खराब चित्र-ध्वनीची दुरुस्ती, आणि उपशीर्षके यांचा खर्च काही हजार प्रतींतून निघणार का? या तिन्ही प्रश्नांतून जे पार पडते, त्यातून मग अभिरुचीने निवड होते.

‘संत तुकाराम’चेच पाहा. १९३६ सालचा हा चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला. म्हणजे तोडीचा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला होता. आपल्या कायद्यात चित्रपटाच्या हक्कांची मुदत प्रदर्शनापासून ६० वर्षांची आहे, ती केव्हाच उलटली. पण त्यामुळे मार्ग मोकळा होण्याऐवजी अडचणच वाढते, कारण जो चित्रपट कोणीही फुकट दाखवू शकतो त्यात पैसा कोण घालणार? शिवाय पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील, चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फितींना जानेवारी २००३ मध्ये आग लागली, तीत ‘संत तुकाराम’ काढणाऱ्या प्रभात कंपनीच्याही फिती गेल्या.

आणि केवळ गुणवत्ताच पाहतात म्हणावे, तर याच क्रायटेरियनने १९९९ मध्ये ‘आर्मागेडन’ हा हॉलिवूडचा धूमधडाक्याचा चित्रपट काढला होता. तो कोणत्या तोडीचा होता, हे त्या सद्गृहस्थांनी सांगावे.

खानापूरची वाचक

आपला राग समजतो, युक्तिवाद पटत नाही. निगेटिव्ह धड असेल तरच लेबल हात लावते, असे आपल्या लिहिण्यातून निघते. मग राय यांच्या अपू चित्रत्रयीचे काय? तिची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या लॅबोरेटरीतील आगीत होरपळली. जळक्या कडांची ती रिळे अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीने वीस वर्षे सांभाळली, इटलीतील बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी त्यांवर हाताने काम केले, आणि २०१५ मध्ये तीच त्रयी क्रायटेरियनने लोकांसमोर आणली. याहून वाईट सामग्री कोणती असणार? तरीही झाले, कारण कोणालातरी ते व्हावे असे मनापासून वाटत होते.

दुसरे असे की, २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने याच लेबलाची यादी तपासली, तेव्हा हजारांहून अधिक चित्रपटांत आफ्रिकी-अमेरिकी दिग्दर्शक अवघे चार निघाले. त्या सगळ्यांची कागदपत्रे हरवली होती काय? लेबलाचे अध्यक्ष पीटर बेकर यांनी स्वतः दोष आपल्या नजरेकडे घेतला. म्हणजे निवडणाऱ्याची आवड हीच पहिली चाळणी असते, आणि आपण तिला सर्वांत शेवटी ढकलले आहे.

वडगावचा हातमाग

तुम्ही दोघे निवडीवर भांडत आहात. निवडलेले आमच्यापर्यंत पोहोचते कोठे? मी एकदा अमेरिकेहून राय यांची ब्लू-रे मागवली. कस्टमचा भुर्दंड भरला, तीन आठवडे पोस्टात खेटे घातले, आणि येथील प्लेअरने ‘विभाग चुकीचा’ म्हणून ती बाहेर टाकली. ब्लू-रेच्या नकाशात अमेरिका अ विभागात, युरोप ब मध्ये आणि भारत क मध्ये. चित्रपट बंगालचा, त्यावरची अक्षरे इंग्रजी, आणि बेळगावात तो पाहायचा तर प्लेअरही परदेशी हवा! विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. ती डिस्क आता आमच्या घरी चहाच्या कपाखाली असते.

टिळकवाडीचा प्रेक्षक

हातमागकर, आपल्या कपाबद्दल सहानुभूती आहे, पण विषय तो नाही.

बाई, अपूचे उदाहरण उत्तम आहे, पण ते माझ्याच बाजूचे आहे. अकादमीने राय यांना १९९२ मध्ये मानद ऑस्कर दिले, म्हणून तिला त्यांच्या निगेटिव्हची काळजी वाटली. ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांच्या मागे कोणती अकादमी उभी होती?

खानापूरची वाचक

म्हणजे कोणाला तरी आवड होती, एवढे आपण मान्य केलेत. आभारी आहे. आता शेजारी पाहा. गिरीश कासरवळ्ळी यांचा ‘घटश्राद्ध’ हा १९७७ चा कन्नड चित्रपट रिस्टोअर होऊन २०२४ मध्ये व्हेनिसला दाखवला गेला. त्यामागेही ऑस्कर नव्हते. त्यासाठी जुने चित्रपट जतन करणारे आपल्याकडचे फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि अमेरिकी दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांचा वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट एकत्र आले. मग मराठीसाठी दार ठोठावायला कोण गेले? आपण येथे बसून अन्याय मोजत राहिलो.

निपाणीकर

कन्नडचा विषय निघालाच आहे, तर एक सुचवतो. उद्या कोणी ‘संत तुकाराम’ची नीट डिस्क काढलीच, तर तिच्यावर इंग्रजीबरोबर कन्नड उपशीर्षकेही असावीत. माझ्या सासूबाई गोकाकच्या, त्यांना मराठी कामापुरते येते. आमच्या घरी हा चित्रपट जुन्या व्हीसीडीवर पाहिला, तेव्हा प्रत्येक अभंगाला मला कानडीत बोलावे लागले, आणि माझे कानडी अभंगाच्या योग्यतेचे नाही.

टिळकवाडीचा प्रेक्षक

वा! कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचे झाले, ते पुरेसे नव्हते म्हणून आता तुकोबांच्या खालीही कन्नड पट्टी हवी! निपाणीकर, आपण १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, सीमाभागातल्या मराठी माणसांप्रमाणे निषेधाची काळी फीत बांधता ना?

निपाणीकर

बांधतो, आणि त्याच दिवशी संध्याकाळी सासूबाईंच्या हातची भाकरीही खातो. पाटीची सक्ती सरकार करते. उपशीर्षक ज्याला हवे तो लावतो, नको तो बंद करतो. एवढा फरक आपल्यासारख्या जाणकाराला कळत नसेल, तर लेबलाच्या निवडीवर इतके लांबलचक लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही.

शहापूरचे निवृत्त गुरुजी

दोघांनीही जिभेला आवर घालावा. ज्ञानेश्वरांनीच विठ्ठलाला कानडा म्हटले आहे. त्यांना कोणी काळी फीत दाखवली नव्हती.

मला निपाणीकरांच्या त्या व्हीसीडीबद्दल बोलायचे आहे. तिच्या कोपऱ्यात कंपनीचा लोगो चित्रपटभर लखलखत असतो ना? माझ्या प्रतीत तर चौकट रुंद पडद्यात बसावी म्हणून वरून-खालून चित्रच कापले आहे. तुकारामांची भूमिका करणाऱ्या पाग्निसांच्या कपाळावरचा टिळा अर्धाच दिसतो. पंचवीस वर्षे आपण अशा प्रती बिनतक्रार विकत घेतल्या. चांगली प्रत मागणारा ग्राहकच नाही, असे उद्या एखाद्या लेबलाने म्हटले, तर त्याला खोटे कसे पाडणार? उपशीर्षकांचा निर्णयही याच हिशेबाने होतो. ज्या भाषेचा माणूस डिस्क विकत घेतो, ती भाषा खाली उमटते.

वडगावचा हातमाग

गुरुजी, मी विकत घेतली होती. कपाखाली आहे.

खानापूरची वाचक

गुरुजींचे म्हणणे मला मान्य आहे. ते माझ्या बाजूचे नाही, हे ठाऊक असूनही. ग्राहक नसेल तर आवड एकटी फार काळ तग धरत नाही. तरीही चाळण्यांची ओळ कोठून सुरू होते, याबाबत माझे मत बदललेले नाही. आधी कोणीतरी हट्ट धरतो, कागदपत्रे नंतर शोधली जातात.

टिळकवाडीचा प्रेक्षक

ठीक आहे. हट्टाला पहिल्या चाळणीत बसवतो; बाईंनी त्याची मिरवणूक काढावी. कन्नड उपशीर्षकांविषयीचा माझा शेरा मात्र अनावश्यक होता, एवढेच म्हणतो, आणि ‘आर्मागेडन’चे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, याचीही नोंद करतो.

निपाणीकर

शेरा पोहोचला, माघारही पोहोचली. सासूबाईंचे सांगायचे राहिले. तुकोबांची बायको जिजाई मुलाला ओढत देवळात शिरते आणि हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारते, त्या प्रसंगी मी भाषांतर सुरू केले, तर त्यांनी मला हातानेच गप्प केले. म्हणाल्या, एवढे मला कळते. पुढच्या रविवारी दुपारी पुन्हा लावणार आहे, टिळकवाडीकरांनी यावे. कोपऱ्यातला लोगो तेवढा सोसावा लागेल.