गेटवरच्या फोटोबद्दल

ए-१०२: गेटपाशी दोन बायका आणि एक माणूस मघापासून घुटमळतायत. फोटो टाकलाय. ते मोठं गाठोडं बघा. काल आलेला मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज खरा दिसतोय. खाली खेळणाऱ्या मुलांना वर बोलवा.

सी-४०३: वॉचमनला सांगा, धरून ठेव म्हणावं. आम्ही चौघं उतरतोय.

बी-२०४: दादा, हात जोडते, खाली जमू नका. माझं माहेर साक्रीचं. १ जुलै २०१८ ला आमच्या तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजार होता. मंगळवेढ्याकडचे पाच जण आले होते, नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढंच. मोबाईलवर तेव्हा हेच मेसेज फिरत होते. लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे मरेपर्यंत मारलं. पाचही गेले. टोळी वगैरे काही नव्हतंच.

सी-४०३: ताई, पण खरंच टोळी असली तर? माझी दोन पोरं आत्ता खाली आहेत.

बी-२०४: पोरांना वर घ्या, ११२ ला फोन करा, माझं काहीच म्हणणं नाही. पण ए-१०२ वहिनींनी मेसेजवर विश्वास ठेवला, तुम्ही वहिनींवर ठेवलात, वॉचमन तुमच्यावर ठेवेल. त्या माणसांना कुणी काही विचारलंय का?

सचिव: मी गेटवरच आहे. बोहारणी आहेत हो. गाठोड्यात जुने कपडे, टोपलीत स्टीलची भांडी. एकीचा मुलगा सोबत आलाय. वॉचमनकडे पाणी मागितलं, म्हणून थांबल्यात.

सी-४०३: बरं झालं थांबलो. मी तर बॅट घेऊन लिफ्टपाशी आलो होतो.

ए-१०२: मला माफ करा, घाबरले होते. इथला फोटो डिलीट केलाय.

बी-२०४: वहिनी, अजून कुठे पाठवलात का?

ए-१०२: शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आणि भिशीच्या ग्रुपवर. तिथूनही काढते. पण भिशीतल्या दोघींनी पुढे पाठवलाय.

बी-२०४: नुसता काढू नका, दोन्हीकडे लिहा की त्या बोहारणी आहेत, चूक झाली. त्या दोघींना फोनच करा. आत्ता लगेच. पाणी पिऊन त्या पुढच्या गल्लीत जाणार आहेत.