नडगीचं हाड तीन महिन्यांत का जुळलं नाही?

दादा, तुमच्या वडिलांच्या पायात रॉड टाकून तीन महिने झाले, एक्स-रेत फट अजून दिसते, आणि गावातले म्हणतात साधं प्लास्टरच बरं होतं. मला तसं वाटत नाही. नडगीवर बोट फिरवून पाहा, आतल्या बाजूला कातडीखाली थेट हाडच लागतं, मांस नाहीच. घोट्याकडच्या भागाला रक्त मुळातच कमी, म्हणून तिथं चार-पाच महिने लागणं नवल नाही. रॉड हाडाच्या पोकळीत बसतो. जर्मनीत कुंचर नावाच्या सर्जननी १९३९ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली. आता वर-खाली आडवे स्क्रूही असतात, त्यामुळे पाय आखूड होत नाही की फिरत नाही.

आणि बाहेरून बांधणं नेहमी बरंच असतं असं नाही. माझे मोठे बाबा तुरीच्या कट्ट्यांनी भरलेल्या बंडीवरून पडून पाय मोडला, तेव्हा आधी कोणीतरी बांबूच्या कमच्या करकचून बांधल्या. रात्री पोटरी दगडासारखी टणक झाली, पायाचा अंगठा नुसता वर केला तरी ते ओरडत. डॉक्टरांनी त्याच रात्री पोटरीतल्या स्नायूंवरची आवरणं चिरून आत कोंडलेला दाब मोकळा केला, म्हणून पाय वाचला.

आणखी एक, वडील खर्रा खातात का? तंबाखूतल्या निकोटीननं हाड जुळणं लांबतं. आजच बंद करा. डॉक्टरांनी पायावर भार द्यायला सांगितलं असेल तर वॉकर धरून चालू द्या, बाजेवर झोपवून ठेवू नका. जखमेतून पू आला तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका.