इंदापूरचे चित्रबलाक – फोटो काढायचेत पण त्यांना त्रास नको, मदत करा

भीमाकाठ:
नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी सोलापूरहून पुण्याला येताना इंदापूरला मुद्दाम थांबलो. तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाकांची (पेंटेड स्टॉर्क, करकोच्याच्या जातीचे मोठे पक्षी) घरटी असतात हे ऐकून होतो पण इतकी जवळ असतील असं वाटलं नव्हतं, खाली गाड्या लागलेल्या, माणसांची ये-जा चालू, आणि वर हे एवढाले पक्षी खटखट चोचा वाजवत उभे. माझ्याकडे लांबचं जवळ आणणारी १५०-६०० मिमीची लेन्स आहे, दोनेकशे फोटो काढले. घरी येऊन बघतो तर निम्म्या फोटोंत पांढरा रंग नुसता उडालाय, पिसंच दिसत नाहीत, आणि जिथं मागे आभाळ आहे तिथं पक्षी काळाठिक्कर.

दुसरी गोष्ट जास्त खटकली. चारपाच जण आले होते, उडतानाचा फोटो हवा म्हणून त्यातल्या एकाने जोरात टाळ्या वाजवल्या आणि सातआठ पक्षी एकदम उठले. खरं सांगतो, मीही बटण दाबलं. तोच फोटो सगळ्यात भारी आलाय आणि तोच कुठं टाकावासा वाटत नाहीये. परत जायचंय, तर कुठून, किती वाजता, काय सेटिंग ठेवून काढू? आणि हे पक्षी माणसांना सरावलेले असतात ना, मग खरंच किती फरक पडतो त्यांना?

चिंचेखालची:
दादा, मी इंदापूरचीच, माझी शाळा ह्या पक्ष्यांच्या आवाजात झाली. सरावलेत ते चालत्या माणसाला. खालून गेलात तर बघणार पण नाहीत, पण कुणी थांबून वर टक लावून बघायला लागलं की माना ताठ होतात, तेवढं दिसलं की आपण चार पावलं मागं यायचं.

फरक किती पडतो तर ऐका. पिल्लं लहान असतात तेव्हा नर-मादीतलं एक जण घरट्यावर थांबतंच. भर दुपारी तो पक्षी उन्हाकडे पाठ करून पंख अर्धे उघडून उभा राहतो, सावली पिल्लांवर पडावी म्हणून, आणि ऊन सरकेल तसा स्वतः सरकतो. टाळी वाजवून त्याला उठवलं की ती पिल्लं चाळीस डिग्रीत उघडी पडतात आणि कावळे तर टपलेलेच असतात. वाऱ्याने किंवा घाबरून पिल्लू खाली पडलं तर हातात घेऊन फोटो नको प्लीज, वनविभागाचा १९२६ नंबर आहे तिथं लगेच फोन करा.

उजनी_बॅकवॉटर:
सेटिंगचं मी सांगतो. कॅमेरा सगळ्या फ्रेमचा उजेड मोजतो, मागे गर्द पाला असला की तो उजेड वाढवतो आणि पांढरं जळतं, आभाळ असलं की उलट. म्हणून पाल्यासमोर मायनस एक स्टॉप (म्हणजे उजेड निम्मा), आभाळासमोर प्लस एक (दुप्पट), किंवा सरळ मॅन्युअलवर जा (उजेड आपणच ठरवायचा) आणि पांढऱ्या पिसांवर हायलाइटची वॉर्निंग, म्हणजे पांढरं जळल्याची खूण, लुकलुकणार नाही इतकंच ठेवा. शेपटीजवळची गुलाबी पिसं पण मगच नीट येतात. सकाळी नऊच्या आत उरका, त्यानंतर उन्हाची झळ फोटोत दिसते. झाडाच्या बुंध्याशी उभं राहून फक्त पोटं मिळतात, लांब जा, ६०० कशाला घेतलीय!

उडतानाच्या फोटोला टाळ्या लागतच नाहीत. उजनी धरणाच्या पाण्यावरून मासे घेऊन दिवसभर ये-जा चालू असते, आणि पक्षी उतरतो तो वाऱ्याकडे तोंड करून. तुम्ही वारा पाठीवर घेऊन उभे राहिलात की तो बरोबर तुमच्याकडे तोंड करून उतरणार. पिल्लांचा आरडाओरडा वाढला की समजायचं कुणीतरी येतंय. शटर १/२००० सेकंदाच्या आसपास.

रानवाट७२:
दोन टाळ्यांनी एवढं काय होतंय, कचेरीत दिवसभर हॉर्न वाजतात की.

चिंचेखालची:
हॉर्न रस्त्याकडून येतो आणि रोजचा आहे. झाडाखाली उभं राहून त्यांच्याकडे बघत वाजवलेली टाळी त्यांना बरोबर कळते, ते हॉर्नला उठत नाहीत आणि टाळीला उठले हे वर लिहिलंच आहे. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या घरट्यांना, अंड्यांना त्रास देणं पण धरलंय.

भीमाकाठ:
काल जाऊन आलो. साडेसहाला पोचलो, रस्त्याच्या पलीकडून काढले, वारा पाठीवर घेतला आणि खरंच दोन पक्षी समोरून उतरताना मिळाले. नंतर कॅमेरा ठेवून नुसतं बघत बसलो होतो, तेवढ्यात एक पक्षी आला, मला वाटलं मासे काढणार, तर त्याने चोचीतून पिल्लांच्या अंगावर पाणी सोडलं, तिन्ही पिल्लं माना वर करून उभी. कॅमेरा उचलेपर्यंत संपलं होतं, शेवटच्या पिल्लाच्या डोक्यावरून ओघळणारे थेंब तेवढे आलेत. ताई, तो फोटो तुम्हाला पाठवतो.